टर्नटेबल उत्तम, पट्टा मात्र जळगावच्या मे महिन्यासाठी नाही

दिवाळीत घेतला तेव्हा या प्लेयरला मी चार स्टार दिले होते. मे महिन्यात दोनवर आणले. आता साडेतीन देतोय, का ते सांगतो. १२ हजारांच्या आतला बेल्ट-ड्राइव्ह, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने रेकॉर्ड फिरवते, सुई धरणारी कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाची ३६००, सुईचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअँप आतच. बाकीची माहिती सगळ्यांना पाठ असते, तिकडे जात नाही.

उन्हाळ्यात क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची 'कॉम्प्युटर वर्ल्ड' लावली आणि सूर उतरलेला ऐकू आला. मोबाईलवर तेच गाणं लावून ताडून पाहिलं, तर रेकॉर्ड पेटीच्या पांढरी एक आणि काळी एक या शेजारच्या सुरांच्या मध्येच कुठेतरी लटकलेली. म्हणजे वेग साधारण ३ टक्के कमी, पावणेअठरा मिनिटांच्या बाजूला अर्धा मिनिट जास्त. इथे पारा ४५ गाठतो, पत्र्याखालच्या खोलीत रबराचा पट्टा ताणून ताणून सैल होणारच. गंमत अशी की त्याच आठवड्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या एलपी वाजवल्या होत्या आणि तेव्हा काही खटकलं नव्हतं. गाणाऱ्याच्या गळ्यात कंप असतो, सारंगी-व्हायोलिनचे सूरही हलते असतात, त्यात सैल पट्ट्यामुळे होणारं वेगाचं डुलणं लपून जातं. सिंथेसायझरचा सरळ, लांब धरलेला सूर काहीच लपवत नाही.

कस्टमर केअरला कळवलं. व्हिडिओ मागितला, पाठवला. मग उत्तर आलं की रबरी भाग वॉरंटीत बसत नाहीत. यंत्र स्वखर्चाने पुण्याला पाठवा, तेही मूळ खोक्यातच. नुसता पट्टा हवा असेल तर ९०० रुपये, कुरियर वेगळं. रबराच्या एका कड्याला ९०० रुपये! इथल्या हवेत दर उन्हाळ्याला तो बदलावा लागणार असेल, तर विकतानाच एक जादा द्यायला हवा होता. यावर मी अजूनही ठाम आहे.

शेवटी गोलाणी मार्केटात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका सापडले. बोटाने पट्टा ओढून म्हणाले, "भाऊ, पट्टा ढिला व्हई गया." मापाचा दुसरा ८० रुपयांत बसवला आणि मोटरच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून स्क्रू फिरवून वेग लावून दिला. घरी तपासायचं असेल तर स्ट्रोब चकती छापून घ्या, पण ५० हर्ट्झची. ही रेघांची चकती रेकॉर्डच्या जागी फिरवायची, वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी १८० रेघा लागतात. २१६ रेघांची चकती अमेरिकेच्या ६० हर्ट्झची असते, ती इथे कामाची नाही. आणि बघायची ती चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली. चांगल्या एलईडीत लुकलुक नसल्याने रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत.

वेग जागेवर आल्यावर मात्र या यंत्राने मला जे दिलं, त्यासाठी हे साडेतीन स्टार. 'कॉम्प्युटर वर्ल्ड' १९८१ची. तिच्या पहिल्या बाजूवर 'नंबर्स' आहे. त्याचा ठेका आणि १९७७च्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची धून घेऊन १९८२मध्ये न्यूयॉर्कात आफ्रिका बंबाटा या डीजेचं 'प्लॅनेट रॉक' तयार झालं. हिप-हॉपची एक मोठी वाट तिथून फुटली. रेकॉर्ड उलटवा, दुसरी बाजू 'कॉम्प्युटर लव्ह'ने सुरू होते. तीच धून कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने रीतसर परवानगी घेऊन २००५च्या 'टॉक'मध्ये गिटारवर वाजवली. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले ऐकायला आमच्याकडची कितीतरी पोरं रेल्वेने गेली. त्यांच्यापैकी दोघांना मी ही बाजू ऐकवली, तर सुई पहिल्या काही सेकंदांत होती तोवरच दोघे एकदम उठून बसले. मोबाईलवर ही दोन गाणी शेजारी लावणं सोपं आहे, कबूल. पण एका थाळीच्या दोन बाजूंना दोन वेगळी घराणी निघाली, हे रेकॉर्ड हातात उलटवताना मला जसं कळलं तसं मोबाईलवरच्या गाण्यांच्या यादीत कळलं नसतं.

मग चरणजित सिंगांच्या १९८२च्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'चं नवं प्रेसिंग, म्हणजे नव्याने छापलेली रेकॉर्ड, घेतलं. पैसे जड गेले, पण वसूल आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं सिंथेसायझर), टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) वर भैरव, ललित, मालकंस वाजवले. त्याच ३०३वर शिकागोच्या फ्यूचर या गटाचं गाजलेलं नृत्यसंगीत 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं ते १९८७मध्ये. इथून तिथे काही पोचलं असं नाही. यंत्र एक, वाटा दोन. तरी ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतं ते मला सरळ मींडच वाटतं, आणि सैल पट्ट्यावर ही मींड ऐकणं म्हणजे भैरवचा कोमल रिषभ नासवणं.

भुसावळ, धुळे, चोपडा, कुठेही राहत असाल आणि घेणार असाल, तर घ्या. यंत्रासोबत पट्ट्याचं माप लिहून ठेवा, मार्चअखेर नवा बसवा, वाजवायचं नसेल तेव्हा पुलीवरून काढून ठेवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला नको. कंपनीने उन्हाळ्याचा पट्टा खोक्यात घालून दिला, तर उरलेला अर्धा स्टारही देईन.