९१५ की ९७६? फायबर लेझरचा पंप निवडताना

कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत कुणालाही पत्रा कापायच्या फायबर लेझरचा सोर्स (लेझर तयार करणारा डबा) घ्यायचा असला की पहिला प्रश्न किती किलोवॅट, पण आतले पंप डायोड (फायबरला प्रकाश पुरवणारे छोटे लेझर) ९१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे की ९७६ चे हे कोण विचारतच नाही. मी दोन्ही जुळवलेत, दोन्हीवर कामं चालू आहेत, म्हणून लिहितोय.

कागदावर ९७६ च भारी. फायबरची यिटर्बियम (लेझर देणारं मूलद्रव्य) घातलेली काच तिथं ९१५ च्या साधारण तिप्पट पंपचा प्रकाश शोषते, त्यामुळं २०/४०० चं (गाभा २०, आवरण ४०० मायक्रॉनचं) फायबर ९१५ ला २५-३० मीटर लागत असेल तर ९७६ ला ८-१० मीटरमध्ये भागतं, आणि फायबर आखूड म्हणजे रामनची (काचेत लेझरचा प्रकाश नको त्या तरंगलांबीकडं वळण्याची) कटकट कमी. शिवाय ९१५ चं लेझरचं १०८० नॅनोमीटर करताना १५ टक्के ऊर्जा काचेतच उष्णता होऊन बसते, ९७६ ला १० टक्क्यांच्या आत. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लहान, बिल कमी.

पण ९७६ चा शोषणाचा सुळका एकदम अरुंद असतो आणि साधा डायोड एका डिग्रीला ०.३ नॅनोमीटर सरकतो. आता पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढून बघा. दुपारी चिलरचं पाणी २५ सोडून ३० कडं जायला लागतं, डायोड सुळक्यावरनं घसरतो, न शोषलेला पंप पुढं जाऊन स्ट्रिपर (उरलेला पंप फायबरबाहेर काढणारा भाग) तापवतो आणि पॉवर पडते. अलार्म काही लगेच येत नाही, जॉबला खालनं बर (कडेला चिकटलेला वितळलेला धातू) यायला लागते, मग ऑपरेटर नोझल बदलतोय, फोकस हलवतोय, गॅसवाल्याला फोन लावतोय. कमी करंटवर तर उलटंच, डायोड गार असतो म्हणून ९७६ पर्यंत पोचतच नाही. माझ्यापुरता निकाल इथंच लागला. ९१५ चा डोंगर पसरट आहे, दोन-चार नॅनोमीटर इकडंतिकडं झालं तरी त्याला पत्ता लागत नाही.

वेव्हलेंग्थ लॉक केलेले (तरंगलांबी एका जागी धरून ठेवणारे) डायोड मिळतात, ते घेतले तर हे बरंचसं सुटतं, फक्त किंमत विचारून घ्या, आणि अगदी कमी करंटवर लॉक धरतोच असं नाही. एसी लॅब असेल किंवा सिंगल मोडमध्ये (अगदी बारीक ठिपक्यात केंद्रित होणारा किरण) मोठी पॉवर काढायची असेल तर मीपण बहुतेक ९७६ लॉकवालाच घेईन. कटिंगच्या मशीनला मात्र ९१५ च बरा वाटतो.

९१५ ला फायबर आखूड करायच्या नादात यिटर्बियम ठासून भरलेलं फायबर घेऊ नका, आयन एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि काच काळवंडत जाते. प्रीफॉर्म (ज्यापासून फायबर ओढतात तो काचेचा दांडा) करताना यिटर्बियमसोबत ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस दोन्ही घातलेत का ते विचारा, फॉस्फरस असला की काळवंडणं बरंच कमी होतं. पंप बदलताना पण भावांनो, ९७६ च्या सोर्समध्ये स्वस्त मिळाले म्हणून ९१५ चे बसवू नका, आतलं फायबर आखूड असतंय, पंप तसाच पार निघून जातो.

आणि ज्यांनी ९७६ घेतलाच आहे त्यांनी जूनमध्ये पाणी जास्त गार ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ऑप्टिक्सवर दव धरतं. पाणी २७-२८ वर न्यावंच लागतं, आणि मग डायोड परत सरकतो.