धावपट्टीला पैसा की तिकिटाला?

व्यापारी संघातल्या एका मित्राचा प्रश्न: "सरकारला निवेदन द्यायचंय. विमानतळासाठी निधी मागू की विमानसेवेला अनुदान?"

खर्च बघू. धावपट्टी, टर्मिनल, अग्निशमन यांना एकरकमी मोठा पैसा लागतो, शिवाय देखभाल कधी सुटत नाही. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेत विमान कंपनी काही आसनं मर्यादित भाड्यात विकते आणि तूट सरकार भरतं. बहुतेक राज्यांत 80 टक्के केंद्राकडून, 20 टक्के राज्याकडून. केंद्राचा वाटा मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून येतो. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी नकळत आपल्याला हातभार लावतो!

टिकाऊपणात खरी गोम आहे. अनुदान 3 वर्षांचं. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, मुंबईचं विमान 'उडान'मधलं होतं. मुदत संपली आणि 2024 मध्ये ते थांबलं. धावपट्टी जागेवरच राहिली, पण विमानाविना धावपट्टी म्हणजे गाड्यांविना एसटी स्टँड.

खटपट? भूसंपादनात वर्षं जातात. अनुदानाचा हवाई मार्ग कंपन्यांच्या बोलीतून लवकर मिळू शकतो.

तयार धावपट्टी ओस पडली असेल, तर तिकिटाचं अनुदान मागा, आणि चौथ्या वर्षी प्रवासी कुठून आणणार हे आत्ताच ठरवा. प्रवासी आहेत, पण रात्री किंवा पावसात विमान उतरवायची सोय नाही, तिथे पायाभूत निधीच हवा. आणि दोन तासांवर दुसरा विमानतळ असेल, तर सरळ चांगला रस्ता मागा.