नासाचं खातं की अंतराळवीराचं?

भाचीला एकच खातं फॉलो करायचंय. नासाचं की एखाद्या अंतराळवीराचं?

खात्रीत नासा पुढे. प्रक्षेपण लांबलं की नवी वेळ तिथेच कळते. भाषा मात्र चारदा तपासून गुळगुळीत झालेली.

जिवंतपणा अंतराळवीरांकडे. २००९मध्ये माइक मॅसिमिनोंनी अवकाशातून पहिलं ट्वीट केलं, तेही ईमेलने खाली पाठवून. ते टाकलं ह्यूस्टनच्या नासा केंद्रातल्या लोकांनी! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर थेट इंटरनेट आलं २०१०मध्ये. २०२४मध्ये तिथले अंतराळवीर मॅथ्यू डॉमिनिक फोटोंसोबत शटरचा वेग, आयएसओसुद्धा (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) लिहायचे. कॅमेरा शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

सातत्यात पुन्हा नासाच. अंतराळवीर परतला की खिडकीतले ताजे फोटो थांबतात.

मोहिमांच्या बातम्या, स्पर्धा परीक्षा यांसाठी नासा घ्यावं. भाचीला फोटोंचा नाद आहे. तिने डॉमिनिक यांच्या जुन्या पोस्ट उघडाव्यात.