घरं दाखवायला पटाईत, पावती लिहायला कच्चा: डोंबिवली पूर्वेचा एक फ्लॅट एजंट

पाचपैकी दोन तारे, आणि दोन्ही घरं दाखवल्याचे. दोन रविवारांत सहा फ्लॅट दाखवले, दर ठिकाणी किल्ली खिशात तयार. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर लिफ्ट नसलेली बिल्डिंग त्याने आपणहून गाळली. इथवर उत्तम.

सहावा फ्लॅट आवडला. बोलणी ६२ लाखांवर आली. 'टोकन टाका ताई, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.' टाकले ५१ हजार. पावतीबुकातली चिठ्ठी फाडून दिली: 'फ्लॅटपोटी टोकन ५१,०००/- मिळाले.' फ्लॅट नंबर नाही, एकूण किंमत नाही, सौदा फिसकटला तर काय तेही नाही. खाली सही एजंटची, मालकाची नाहीच! मी पोस्टात काउंटरवर बसते. असली पावती मी फाडली असती तर हातात मेमो पडला असता.

रात्री मालकांचा व्हॉट्सॲप: 'ओके ६२. पार्किंगचे ४ लाख वेगळे.' एजंट म्हणे, ओके आलं ना, सौदा पक्का. कसला पक्का?

वकीलबाईंनी मेसेज वाचला आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ समोर ठेवलं. होकार बिनशर्त हवा. 'ओके, पण चार लाख वेगळे' हा होकार नव्हे, नवा भाव झाला. त्यात ते पार्किंग स्टिल्टमधलं, बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या जागेतलं, म्हणजे सोसायटीचं. बिल्डरलासुद्धा ते वेगळं विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. मालक कुठून विकणार? मग शेअर सर्टिफिकेट मागवलं, म्हणजे फ्लॅट कोणाच्या नावावर ते दाखवणारा सोसायटीचा कागद. त्यावर नावं नवरा-बायको दोघांची, आणि बाईंना घर विकायला काढल्याचा पत्ताच नाही!

खर्चाच्या यादीत एजंटने सोसायटीचं 'डोनेशन' १ लाख धरलं होतं. सेक्रेटरीच म्हणाले, अहो, ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करायचे पैसे, २५ हजारांच्या वर आम्हाला घेताच येत नाही.

टोकन परत मागितलं तर उत्तर आलं, 'सौदा तुम्ही मोडलात, टोकन जप्त.' जो ठरलाच नाही तो मोडला कसा, एवढंच वकीलबाईंनी पत्रात विचारलं. पैसे आले, पण तीन हप्त्यांत. शेवटचे ११ हजार गूगल पेवर, सोबत मेसेज: 'ताई, रिव्ह्यू जरा चांगला टाका.'

टाकलाय.