दिघ्याच्या शाळेतली आंतरवासिता: दुसरीचा वर्ग मागून घ्या

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाच्या, शाळांची यादी लागते तेव्हा सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. स्टेशनपासून किती लांब, वर्गात डिजिटल बोर्ड आहे का, मुख्याध्यापक सह्या लवकर देतात का. सध्या ज्युनिअर मुली मलाही हेच विचारताहेत, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं असं की, आपला पाठ चालू असताना वर्गशिक्षिका वर्गात बसतात की नाही, हे सगळ्यात आधी विचारा.

शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यातला पहिल्या वर्षीचा भाग मी ठाण्यातल्या एका नावाजलेल्या शाळेत केला. शाळा देखणी होती. वर्गावर्गात डिजिटल पडदे, भरलेलं ग्रंथालय, फरशी लख्ख. आम्ही छात्राध्यापिका मात्र बराच वेळ कार्यालयाबाहेरच्या टेबलावर असायचो. रजेवरच्या शिक्षकांचे तास सांभाळायचे, गॅदरिंगची सजावट करायची, नोंदवहीत शेरे उतरवायचे. पाठाच्या दिवशी वर्गशिक्षिका हजेरीपट हातात देऊन स्टाफरूममध्ये जायच्या आणि तास संपल्यावर टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, सही करायच्या. शेरा प्रत्येकीला तोच: ‘पाठ चांगला झाला.’ कुणाला समजलं, कोण तासभर खोडरबर कुरतडत बसलं होतं, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मुलं आम्हाला ‘डीएडवाल्या’ म्हणायची, कारण मोठ्यांच्या तोंडी तोच शब्द होता. शिकायला आलेल्या मुलींचा असा वेळ जातो याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी मला नवी मुंबईतल्या दिघ्याची मराठी माध्यमाची शाळा मिळाली. यादीत हे नाव दिसलं की मुली नाक मुरडतात, म्हणून आधी पोहोचण्याचं सांगते. ठाण्याच्या ९-१० नंबरच्या फलाटांकडून ट्रान्सहार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी पकडा, पहिलंच स्टेशन दिघा गाव. ते जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी ऐरोलीला उतरून उलट यावं लागायचं, नाहीतर कळवा-विटाव्यावरून बस. मी कळव्याची, बस मला सोयीची. पण विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की तो रस्ता अडतो. पावसाळ्यात गाडीनेच जा. पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायचे असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये आला, त्यामुळे पहाटेची धावपळही नाही.

मुलं त्याच परिसरातली. कुणाचे वडील टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात कंत्राटी, कुणाची आई घरकामाला ऐरोलीत, काहींची घरं पूर्वी दगडखाणींवर राबलेली. घरात बोलली जाणारी मराठी विदर्भ-मराठवाड्याची, आणि त्याशिवाय कानडी, तेलुगू, हिंदी. सगळी दुसरीच्या एकाच वर्गात मांडीला मांडी लावून बसलेली.

आता वर्गशिक्षिका बाईंबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पहिल्या दिवशी परिपाठानंतर त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, “या आपल्या नवीन मॅडम. त्या शिकवतील तेव्हा मीसुद्धा ऐकणार आहे.” मुलांसमोर त्या मला कायम ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणाल्या. मधल्या सुट्टीत “अगं, डबा खाल्लास का” असं एकेरीवर यायच्या. घंटा झाली की पुन्हा तुम्ही. याने किती फरक पडतो ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझा शब्द मुलांनी पहिल्या आठवड्यापासून ऐकला, तो बाईंनी मला दिलेल्या या मानामुळे.

पाठ चालू असताना त्या मागच्या भिंतीपाशी बसायच्या. त्यांची निरीक्षणाची पद्धत मला सगळ्या अध्यापक विद्यालयांत पोहोचवावीशी वाटते. आमच्या छापील निरीक्षण पत्रकात विषयप्रवेश, उद्दिष्टकथन, फलकलेखन, साहित्याचा वापर असे रकाने असतात आणि ते सगळे शिकवणाऱ्याबद्दल. बाई ते भरायच्याच, पण शेजारी त्यांची एक शंभरपानी वही असायची. डाव्या बाजूला मुलांची नावं. मूल आपणहून बोललं की एक टिंब, विचारल्यावर बोललं की एक आडवी रेघ, शेजाऱ्याचं बघून लिहिलं की फुली. जेवणानंतर ते पान माझ्यापुढे ठेवायच्या आणि ज्या नावापुढे काहीच नाही तिथे बोट ठेवायच्या. दुसऱ्या दिवशीचं टाचण त्या रिकाम्या नावांपासून सुरू करायचं, एवढीच सूचना. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक मागतो. पण तीस मुलांतही चार-पाच जण सहज नजरेआड जातात, हे मला त्या वहीने दाखवलं.

त्यातलेच पाच जण त्यांनी माझ्याकडे सोपवले. ही मुलं दोन अंकी संख्या उलट लिहायची. ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की ७४. आपल्याकडे आधी सुटे उच्चारतात आणि मग दशक, तर लिहिताना दशक आधी. त्यातून एकोणतीस हा आणखी वेगळा प्रकार, त्यात ऐकू येतात एक आणि तीस, लिहायचे मात्र २९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. चर्चेत भाषेचा अभिमान खूप होता, दुसरीतलं मूल फार थोडं होतं. दिघ्याच्या वर्गात बसल्यावर मी ठामपणे सांगते, ती सोय गरजेचीच होती. नेहमीचे शब्द मुलांना यायलाच हवेत, पण त्यांच्यापर्यंत चढायला मधली पायरी लागते.

माझ्या गटात एक कानडी घरातला मुलगा होता. तो मराठीत अडखळायचा, म्हणून सगळे त्याला कच्चा समजायचे. बाई म्हणाल्या, “त्याला घरी कसं मोजतात ते विचारा.” कानडीत ४७ म्हणताना आधी चाळीस येतात, मग सात, म्हणजे लिहिण्याच्याच क्रमाने. त्याने आपल्या भाषेत संख्या म्हणायची आणि बाकीच्यांनी काड्या मांडायच्या, असा खेळ मी सुरू केला. दहा काड्यांचा रबरबँड लावलेला गठ्ठा डावीकडे, सुट्या उजवीकडे. त्याने शब्दाचे दोन तुकडे सावकाश म्हणायचे, मी त्यांचा अर्थ सांगायचे, मुलं गठ्ठे मोजायची आणि शेवटी आपला नेहमीचा शब्द सगळ्यांनी एकत्र म्हणायचा. गटातल्या एका मुलीने दोनच दिवसांत हा खेळ ताब्यात घेतला आणि मला बाजूला बसायला सांगितलं. वहीत त्या मुलाच्या नावापुढे टिंबं येऊ लागली. बाईंनी ते पान फळ्याशेजारी धरून मुख्याध्यापकांना दाखवलं.

पाचही जण सुटले असं नाही. एकाचं एकोणचाळीस-एकोणपन्नास माझी मुदत संपेपर्यंत डळमळीतच होतं. त्याचं कुठे अडतं ते एका कागदावर लिहून मी बाईंकडे दिलं आहे.

अडचणीही सांगते. साहित्याचा खर्च आपल्यालाच पडतो आणि या काळात आपल्याला विद्यावेतन नसतं. काड्या, कार्डशीट, रबरबँड घ्यायला जांभळी नाक्याला जा, घाऊक दुकानांत स्वस्त पडतं, तिघी-चौघींनी मिळून घेतलं तर आणखी बरं. दुसरं, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास शाळेच्या वेळात होणार नाही. काही शाळांत मुली मागच्या बाकावर गाइड उघडून बसतात, इथे ते शक्य नाही, कारण मागचा बाक बाईंचा. पेपर एकच्या १५० गुणांत बालमानसशास्त्राचे ३० असतात. त्यातली वाचन-लेखनाच्या अडचणींची प्रकरणं मला नंतर वाचताना सोपी गेली, पण त्याच महिन्यात परीक्षा असेल तर रात्री जागायची तयारी ठेवा. पोषण आहाराच्या वेळी वाढायला उभं राहावं लागतं. मला ते काम आवडलं. कोण खिचडी दुसऱ्यांदा मागतं, कोण डब्यात भरून घरी नेतं, हे तिथे दिसतं आणि तासाला पेंगणाऱ्या मुलावर आवाज चढवण्याआधी ते माहीत असावं लागतं.

शाळेत डिजिटल पडदा एकच आहे, तोही आळीपाळीने मिळतो. तंत्रज्ञानाचा पाठ घ्यायचा असेल तर आधी नाव लावून ठेवा. बाकी सुविधांबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही.

मी या आंतरवासितेला दहापैकी नऊ गुण देते. एक कापला तो आमच्या अध्यापक विद्यालयाच्या वेळापत्रकासाठी. मधेच आठवडाभर सगळ्यांना परत बोलावलं आणि माझ्या गटाची लय तुटली.

यादी अंतिम होण्याआधी प्राचार्यांना भेटून पसंती सांगता येते. आमच्याकडे तोंडी ऐकत नाहीत, अर्ज लेखी द्या. इयत्ता विचारली तर दुसरी मागा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीला प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं असं उद्दिष्ट आहे. त्याची खरी मेहनत दुसरीच्या वर्गात चालते. आणि रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात एकदा शाळेत जाऊन या, वर्गशिक्षिकेला तिचा पट मागा आणि मुलांची नावं पाठ करूनच पहिल्या दिवशी वर्गात जा.