आजारी मासा: वेगळा टब की टँकमध्येच उपचार?
सांगलीत थंडी पडली की माझ्या टँकमधल्या माशांना पांढरे ठिपके येतात, अंगाला साखरेचे दाणे चिकटल्यासारखे. पूर्वी मी ठिपकेवाला मासा तेवढा उचलून टबात टाकायचो. ते चुकत होतं. हे ठिपके एका परजीवीमुळे येतात, आणि तो माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो सुटून तळाशी जातो, शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती पाण्यात पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणजे रोग सगळ्या टँकमध्ये असतो, उपचारही तिथेच हवा. हीटर हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्या, हवेचा पंप वाढवा (गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो), फिल्टरमधला कोळसा काढा. ठिपके गेले तरी काही दिवस औषध थांबवू नका, घाई इथेच नडते.

शेपूट फाटली असेल, खवले निघाले असतील, तर टबच बरा. जखमी माशाला बाकीचे टोचत राहतात, बघवत नाही. १० लिटर पाण्यात लिटरमागे १ ते २ ग्रॅम खडेमीठ विरघळवा. मिथिलीन ब्लू हे निळं औषधसुद्धा टबातच. टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, सिलिकॉन निळं पडतं. पण टबात अमोनिया पटकन साठतो, त्यामुळे रोज थोडं पाणी बदलावंच लागतं. आपल्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, पण क्लोरीन घालून. ते दिवसभर बादलीत उघडं ठेवून मगच वापरा.