अँटीव्हायरस बंद करा म्हणाला, आणि मी केला

मंगळवार पेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकांची घाई सुरू होते. गेल्या वर्षी ऐन त्या घाईत डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद पडलं. ओळखीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली: फुल व्हर्जन, लाइफटाइम, १,५०० रुपये. फोन केला. माणूस आपल्याच भागातला वाटला, बोलायला गोड. "दादा, कोल्हापुरातले निम्मे प्रेसवाले माझ्याकडूनच घेतात." मी पैसे पाठवले.

लिंक आली, त्यात झिप फाइल, तिला पासवर्ड १२३४. मला वाटलं, सुरक्षित असावं म्हणून पासवर्ड दिला असेल. खरं उलटंच आहे. पासवर्डची झिप अँटीव्हायरसला उघडून बघता येत नाही, त्यासाठीच तो घातलेला असतो. फाइल सुटी करून सेटअप चालवला, तर लाल इशारा आला. पुन्हा फोन. "क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं आहे ना दादा, अँटीव्हायरस त्याला व्हायरसच म्हणणार. दहा मिनिटं बंद ठेवा." मी बंद केला. या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का, असं विंडोजने विचारलं. त्यालाही हो म्हटलं.

सॉफ्टवेअर अगदी छान चाललं. माझा घात तिथेच झाला. काही बिघडलं असतं तर मी त्याच दिवशी सावध झालो असतो. कामाच्या सॉफ्टवेअरच्या आड लपून येणाऱ्या अशा घातक प्रोग्रामला ट्रोजन म्हणतात. हे नाव आत सैनिक लपवलेल्या ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून आलंय. तो स्वतःहून घरात शिरत नाही, आपणच त्याला दार उघडून आत घेतो. एकदा आत आला की गुपचूप इंटरनेटवरून आपले सोबती उतरवून घेतो. माझ्याकडे असे दोन आले, हे तीन आठवड्यांनी शाहूपुरीतल्या एका जाणकार मुलाने मशीन तपासल्यावर समजलं.

पहिला पेनड्राइव्हवर जाऊन बसणारा. आमच्यासारख्या दुकानात दिवसाला तीसेक पेनड्राइव्ह लागतात. कुणाचा प्रोजेक्ट, कुणाचा बायोडाटा, कुणाचे सातबाऱ्याचे स्कॅन. तो प्रोग्राम पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाचे शॉर्टकट तयार करायचा. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी त्याचा प्रोग्राम चालायचा, मग खरा फोल्डर उघडायचा. आतल्या फाइल दिसतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? पूर्वी पेनड्राइव्ह लावताच असले प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचे. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ती सोय बंद केली. तेव्हापासून हे लोक आपल्या क्लिकची वाट बघतात.

शिवाजी विद्यापीठात पीएचडी करणारी एक मुलगी प्रबंधाच्या प्रिंट काढायला यायची. तिच्या लॅपटॉपवर तो माझ्या दुकानातून गेला. ती रडत आली, "काका, माझं सगळं गेलं." गेलं नव्हतं, लपवलेलं होतं. त्या मुलाने फोल्डर परत दाखवून दिले. पण प्रबंध तोंडावर आलेला असताना चार दिवस तिच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. ते मी विसरू शकत नाही.

दुसरा सोबती पासवर्ड चोरणारा होता. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड त्याने उचलले, आणि चालू असलेलं लॉगिनसुद्धा, म्हणजे पासवर्ड न विचारता खातं उघडं ठेवणारी ब्राउझरमधली नोंद. माझ्या ईमेलवरून गिऱ्हाईकांना मेल गेले: "फायनल प्रूफ बघून कळवा." सोबत पत्रिकेच्या नावाची फाइल. नावात पीडीएफ, पण त्यापुढे खरं शेपूट ईएक्सई, म्हणजे क्लिक करताच चालणारा प्रोग्राम. ओळखीच्या प्रकारांचं शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे फक्त पीडीएफ दिसतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दाखवायची खूण आजच करून ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फ्लेक्सची ऑर्डर दिलेल्या एका मंडळाला तर माझ्याच मेलवरून कळवलं गेलं, की बँक खातं बदललंय, ॲडव्हान्स नव्या खात्यावर भरा. त्यांनी १८,००० रुपये भरले. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला हे कळलं. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तोवर पैसे पुढे गेले होते. ती रक्कम मी पत्रिकांच्या कमाईतून भरून दिली.

त्या रात्री मी आणखी एक चूक केली. घाबरून त्याच मशीनवर बसून ईमेलचा पासवर्ड बदलला, म्हणजे नवा पासवर्डही त्यालाच नेऊन दिला. आधी इंटरनेटची वायर काढायला हवी होती, मग स्वच्छ असलेल्या दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलायचे आणि सगळीकडून लॉगआउट करायचं. नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं चालू लॉगिन बंद होईलच असं नाही. शेवटी तक्रारीसाठी स्क्रीनचे फोटो काढून घेतले आणि विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं. ज्याने सॉफ्टवेअर विकलं त्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

माझ्याकडे ऑर्डरची वही असते. त्या तीन आठवड्यांत ज्यांचे पेनड्राइव्ह लागले, त्यातल्या नंबर असलेल्या प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. काही जण चिडले, बोलले. त्यांचा हक्कच होता. गंगावेशीतले एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेले होते, त्यांचा फोन अजून लागत नाही. पत्ता वहीत आहे. या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे.